वाचकांचे प्रश्न : चिरा, चुना आणि गावातलं चर्च

गेल्या दोन-तीन महिन्यांत जुन्या चर्चबद्दल बरेच मेसेज आणि पत्रं आली, निम्मी गोव्यात सुट्टी घालवून आलेल्यांची आणि निम्मी वसईची, म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. ओल्ड गोव्यातली मोठी मोठी चर्च बहुतेकांनी बघितलेली असतात. मला खरी ओढ आहे ती गावातल्या चर्चची. भाताच्या खाचराच्या कडेला, पुढे एक उंच क्रूस आणि मागे माडांची रांग असं एकटं उभं असतं ना, ते.

गोव्यात प्रत्येक गावातलं चर्च पांढरंशुभ्रच का असतं? धार्मिक कारण आहे की पोर्तुगीजांचा नियम होता? — एक वाचक, डोंबिवली

घरांना नुसता पांढरा रंग लावायचा नाही, तो चर्चसाठी राखून ठेवलेला, असं गोव्यात सगळीकडे सांगतात खरं. पण मूळ कारण भिंतीत आहे. या भिंती जांभ्याच्या. खाणीतून नुकता काढलेला चिरा इतका मऊ असतो की हत्याराने तासून चौकोनी करता येतो, मग हवा आणि ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. विटेसारखा कापता येतो म्हणूनच बुकाननने १८०७ मध्ये केरळातला हा दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. बांधायला याच्यासारखा सोयीचा दगड नाही, पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात आणि गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे उघडा चिरा नुसता पाणी पीत बसतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि त्यावर पुन्हा चुन्याची सफेदी, आणि ही सफेदी एकदा मारून भागत नाही, पावसाळा गेला की परत. चुना तरी कुठून आणायचा? चुनखडीचे डोंगर काही तिथे नाहीत, मग खाडीतले शिंपले भट्टीत भाजून त्याचा चुना करायचे. म्हणजे भिंत गावच्या जमिनीतली आणि तिच्यावरचा पांढरा रंग गावच्या पाण्यातला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा त्या पांढऱ्या रंगाकडे बघायची माझी नजरच बदलली.

याचा उलटा पुरावा बघायचा असेल तर ओल्ड गोव्यातल्या बॉम जेजूच्या बॅसिलिकासमोर उभं राहा. ती लाल दिसते आणि लोकांना वाटतं ती पहिल्यापासून अशीच, पण तिच्यावरही गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून चिरा पावसात उघडा आहे, आणि २०२० मध्ये तिथल्या फादरांनीच जाहीरपणे काळजी व्यक्त केली की दगड झिजतोय. आणि हो, वसईकरांनी हे वाचा, तिच्या दर्शनी भागात जो काळा दगड आहे तो बसाल्ट वसईहून जहाजाने नेलेला आहे!

जुन्या चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी काहीतरी दुधाळ पापुद्र्यासारखं दिसलं. ते काय असतं? — एक वाचक, सातारा

शिंपले. एक चपटा, जवळजवळ गोल शिंपला असतो, त्याचं शास्त्रीय नाव प्लॅक्युना प्लासेंटा. त्याची एक बाजू इतकी पातळ असते की उजेड आरपार येतो. तो चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत एकावर एक किंचित चढवून बसवायचे, कौलं चढवतो तसे. काच तेव्हा बाहेरून यायची, महाग, वाटेत फुटायची, आणि हा माल खाडीत फुकट. पण फक्त स्वस्त म्हणून तो वापरला असं म्हणणं अन्याय होईल, कारण दुपारी बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना त्या खिडकीतून आत जो उजेड येतो तो पातळ ताकासारखा, नितळही नाही आणि गढूळही नाही, आणि डोळ्याला त्याचा अजिबात त्रास होत नाही. गोव्यात चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून सापडतो, पण आता त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे जुनी चौकट फुटली की नवा शिंपला आणणं सोपं राहिलेलं नाही. म्हणून कुणाच्या जुन्या घरात अशी खिडकी असेल तर ती भंगारात देऊ नका, हात जोडून सांगतो.

स्पष्ट विचारतो, ही चर्च देवळं पाडून बांधली का? — एक वाचक, पुणे

स्पष्टच उत्तर देतो. हो, बऱ्याच ठिकाणी. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि बारदेस-सासष्टी या शेजारच्या तालुक्यांतली १५६० च्या दशकात, सासष्टीचं मोठं पाडकाम १५६७ चं. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. काही चर्च नेमकी जुन्या देवळाच्या जागी आहेत, काही जवळपास. लोकांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपलीकडे, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर नेल्या, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज फोंड्याला एवढी देवळं एका ठिकाणी दिसतात ती त्यामुळेच.

दिवाडी बेटावर जाल तर हे सगळं एका जागी बघायला मिळतं. कदंबांचा, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याचा, सप्तकोटेश्वर या बेटावरचा, तो पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला गेलं आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलं, दरवाज्यावर तसा शिलालेख आहे. आणि इकडे दिवाडीच्या टेकडीवर पिएदादचं चर्च, त्याच्या शेजारच्या स्मशानभूमीत एक कपेल, म्हणजे लहान प्रार्थनामंदिर, आहे, त्यात कदंबकाळच्या देवळाचे कोरीव अवशेष अजून आहेत. मी तिथे उभा होतो तेव्हा खाली एक बाई कुणाच्या तरी थडग्यावर झेंडूची माळ ठेवत होत्या आणि वर ते कोरीव छत. हा इतिहास दुखरा आहे आणि तो झाकू नये. पण ते पाडणाऱ्यांचं पाप आज त्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या म्हातारीच्या माथी मारू नका, तिच्या घराण्याचं ते चर्च चारशे वर्षांचं आहे आणि देऊळ पडलं तेव्हा गाव तिच्याच पूर्वजांचं होतं.

मग ही बांधली कुणी? आर्किटेक्ट पोर्तुगालहून यायचे का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

आराखड्याची पद्धत युरोपातली आणि देखरेख मिशनऱ्यांची, बारदेसात फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री, सासष्टीत जेझुइट संघाचे. आतली मांडणी साधारण ठरलेली, एक लांब सरळ दालन, बहुतेक ठिकाणी मधे खांब नाहीत, त्याच्या टोकाला जरा अरुंद असा अल्ताराचा, म्हणजे वेदीचा भाग, तो कमानदार छताचा, बाकीच्यावर लाकडी कैच्या आणि कौलं. दाराच्या वर आतल्या बाजूला गाणाऱ्यांचा माळा, म्हणजे कोर, आणि दालनाच्या मधोमध एका भिंतीला टांगल्यासारखा दिसणारा पल्पिट, म्हणजे प्रवचनाचा सज्जा. हे झालं पुस्तकी. पण चिरा तासणारे, लाकूड कोरणारे, सोन्याचा वर्ख चढवणारे सगळे हात इथलेच होते, आणि ते हात काय करतात ते पल्पिटच्या खाली वाकून बघा. कित्येक ठिकाणी पल्पिटचा भार नागकन्यांनी तोललेला असतो, कमरेखाली शेपटी आणि वर मुकुट! प्रवचन देणाऱ्या पाद्रीच्या पायाखाली नाग, आणि कारागिराने तो इतक्या मायेने कोरलाय की तो कुणाला शत्रू वाटणारच नाही. तेच कारागीर आणि त्यांची मुलं पुढे फोंड्यात देवळं बांधायला गेली असणार, मला तरी दुसरं काही पटत नाही, कारण मंगेशीला गेलात की घुमट, कठड्यांचे कातीव खांब आणि मजल्यामजल्याची दीपमाळ बघून चर्चच्या मनोऱ्याची आठवण येतेच.

आणि डिझाइनही पुढे पुढे गोवेकरांच्या हातात आलं. दिवाडीचं ते पिएदाद चर्च अंतोनियो जुवांव द फ्रियास या गोवेकर पाद्रीने आखलं, १८ व्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी १६९५ मध्ये तळावलीचं सांत आना पुरं झालं, गावातलं चर्च आणि दर्शनी भाग पाच मजल्यांचा! जाड भिंतींच्या आतून माणूस चालेल एवढी वाट आहे. माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात सुंदर गावातलं चर्च हेच. साळगावचं मात्र एकदम वेगळं, १८७३ चं, टोकदार कमानींचं गॉथिक पद्धतीचं, त्यातली मारियामाउलीची मूर्ती मात्र जुनी, ओल्ड गोव्याजवळच्या दावजीच्या पडलेल्या मठातून आणलेली.

या मठांच्या पडझडीवरून सांगतो. ओल्ड गोव्यातला ऑगस्टीन मठ केवढा थोरला होता, त्याचा मनोराच ४६ मीटरचा. १८३५ मध्ये सरकारने मठवासी संघ बंद केले, माणसं गेली, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. शंभर वर्षं पण लागली नाहीत. त्याच काळात गावातली चर्च उभीच राहिली, कारण तिथे दर पावसाळ्यानंतर चुना मारायला, कौल सरकलं तर वर चढायला गाव होतं. गावकारी म्हणजे जुनी ग्रामसंस्था, पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिचे रीतिरिवाज लिहून घेतले आणि तिला कोमुनिदाद म्हणायला लागले, चर्च बांधायचा आणि फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा खर्च तिच्या शेतीच्या उत्पन्नातून निघायचा. भातावर उभी राहिलेली चर्च आहेत ही.

आम्ही वसईकर चर्चला 'देऊळ' म्हणतो. आमची देवळं गोव्याइतकीच जुनी असं ऐकतो, पण दिसायला नवीन दिसतात. असं का? — एक वाचक, वसई

देऊळ हा शब्द वाचून फार बरं वाटलं, तो सोडू नका. गोव्यात इगर्ज म्हणतात तो पोर्तुगीज शब्द, तुमच्याकडे आपला शब्द टिकला.

वसई पोर्तुगीजांना डिसेंबर १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली, म्हणजे वसईची ख्रिस्ती गावं गोव्याच्या फार मागे नाहीत. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं देऊळ १५७३ चं मानतात. (मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे.) मग नवीन का दिसतात? एक तर १७३९. चिमाजी आप्पांनी मे महिन्यात किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपियन पाद्रीही गेले, आणि किल्ल्यातली सात-आठ मोठी चर्च आणि मठ ओस पडले, त्यांच्या भिंती आणि कमानी आजही तुम्ही फिरायला जाता तेव्हा दिसतात. गावातले ख्रिस्ती मात्र गावातच राहिले. शेती तीच, केळीची बाग तीच, बोली तीच. गोव्याचे पाद्री येऊन त्यांची देवळं सांभाळत राहिले. माणसं वाढली तशी देवळं वाढवली गेली, दर्शनी भाग पुन्हा बांधले गेले, त्यामुळे संस्था सोळाव्या शतकातली आणि भिंत एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली असं खूप ठिकाणी आहे. अल्ताराच्या मागची भिंत, घंटेच्या मनोऱ्याचा खालचा भाग, आवारातली विहीर आणि दगडी क्रूस नीट बघा, जुनं काही राहिलं असेल तर बहुधा तिथेच.

आणि घंटा! त्या तर महाराष्ट्रभर गेल्या. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीज घंटा आणल्या आणि हिंदू देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराची घंटा आहे ती त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस स्पष्ट दिसतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी टांगलीय तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मी मेणवलीला गेलो तेव्हा बोटाने ती आकृती चाचपून बघितली, कडा अजून जाणवतात, चेहरा मात्र हात लावून लावून गुळगुळीत झालाय. बायका तिला हात लावून मग शंकराकडे जात होत्या. घंटा अशाही फिरतात, गोव्यातसुद्धा त्या ऑगस्टीन मठाची मोठी घंटा शेवटी पणजीच्या चर्चवर १८७१ मध्ये चढली.

आमच्या गावच्या जुन्या कपेलच्या भिंतींना खूप ओल येतेय. कमिटी म्हणतेय सगळं खरवडून सिमेंटने पक्कं करून टाकू. करावं का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

नका करू! कळकळीने सांगतो, थांबवा.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका गावात (नाव सांगत नाही) असंच जुनं कपेल होतं, लोकांनी वर्गणी काढली, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला चुना कमजोर असतो, सिमेंट मारा, शंभर वर्षं बघायला नको. छान गुळगुळीत झालं, वर प्लास्टिक पेंट. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी गेलो तेव्हा भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर डब्यासारखा आवाज, आत गिलावा सुटलेला. एक पोपडा हाताने निघाला आणि त्याच्या मागून लाल भुकटी पायावर सांडली. ती भुकटी म्हणजे चिरा. बाहेरून सिमेंटला बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं, पण सिमेंट आणि पेंट त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत, मग ते पाणी आतल्या बाजूला वाट शोधतं, क्षार घेऊन येतं, ते क्षार दगडाच्या छिद्रांत सुकून फुगतात आणि दगडच फुटतो. तिथे अल्ताराचं मागचं लाकूडही भिजलं होतं. वर्गणी देणाऱ्या लोकांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

चुना कमजोर असतो म्हणूनच तो बरा. भिंत जरा हलली तर तो सांभाळून घेतो, ओल बाहेर सोडतो, खराब झाला तर स्वतः पडतो पण दगडाला धक्का लावत नाही, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत हळूहळू दगडच होतो. आधी गिलाव्याला हात लावूच नका. छपरावर चढा, कुठलं कौल फुटलंय बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडून परत भिंतीवर उडतं का बघा. आजूबाजूला मातीचा भराव किंवा पेव्हर ब्लॉक टाकून अंगण जोत्यापेक्षा वर आलंय का, हे तर हमखास असतं. पिंपळाचं रोप असेल तर नुसतं उपटू नका, मूळ मारायला लागतं. निम्मी ओल एवढ्यानेच जाते. मग पावसाळा संपल्यावर सिमेंट असेल तिथलं थोडं थोडं काढून भिंत मोकळी सुकू द्या, महिना-दोन महिने, आणि मग नीट मुरवलेला चुना, वाळू, थोडी सुरखी (विटेची भुकटी). घाईत भिजवलेला चुना चालत नाही, चांगला काही आठवडे तरी मुरलेला पाहिजे, आणि थर दिला की गोणपाट ओला करून टांगायचा, नाहीतर उन्हाने तडकतो. एका कोपऱ्यात हातभर तुकडा करून एक पावसाळा बघा. तुमच्याकडे अजून चुनेगच्चीचं काम येणारे म्हातारे गवंडी असतील, त्यांना हाताखाली दोन तरुण पोरं देऊन बोलवा.

या डिसेंबरात फक्त गावातली चर्च बघायला जायचंय. कुठे जाऊ, काय पाळायचं? — एक जोडपं, नागपूर

दिवाडी आणि तळावली एका दिवसात होतात, साळगाव दुसऱ्या दिवशी. रायतूरही घ्या, तिथल्या सेमिनरीच्या गावीच फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीचं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, मराठी माणसाने त्या टेकडीवर एकदा तरी जावं. येताना कोकणातून आलात तर रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणीचा मनोरा बघा आणि पलीकडे कोर्लईत जा, तिथले लोक घरात अजून पोर्तुगीजमधून जन्मलेली स्वतःची बोली बोलतात. मुंबईचं मरोळचं १५७९ चं चर्च मात्र सिप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात पडक्या अवस्थेत आहे, एरवी आत सोडत नाहीत, वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) होते.

मिस्सा चालू असेल तर फोटो नको, मागच्या बाकावर बसा. गावातलं चर्च दुपारी बहुधा बंद असतं, शेजारच्या घरात विचारलं की सांकरिस्तांवचा, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्याचा पत्ता लागतो, तो किल्ली घेऊन येतो, त्याला घाई करू नका. आणि डिसेंबर पक्का नसेल तर पावसात जा असं मी म्हणेन, ५ ऑगस्टला सासष्टीत राय गावी. त्या दिवशी शेतातून नव्या भाताची पहिली कणसं कापून आणतात आणि पाद्री त्यांना आशीर्वाद देतात, मग ती कणसं घरोघरी जातात. पांढरी भिंत तेव्हा पावसाने खालून हिरवी झालेली असते, ऑक्टोबरपर्यंत तशीच राहणार.